पुढे चाल न घेणारे कुरणे सर

मी फुटबॉलचा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी बास्केटबॉलच्या एका प्रशिक्षकाचं कौतुक करायला लागलो की याला दुसरं काही ठाऊकच नव्हतं असं कुणी म्हणायला नको. जन्म शिवाजी पेठेतला. मॅचच्या दिवशी आमच्या घरात आमटी करपली तरी कुणाचं लक्ष नसायचं. पंचाच्या अंगावर धावून गेलो म्हणून मला दोनदा मैदानाबाहेर काढलं आहे, आणि दोन्ही वेळा चूक पंचाचीच होती. असा मी, जोतीराम, आमच्या तालमीचा बावीस वर्षं सेक्रेटरी होतो. त्या बावीस वर्षांत ज्या एका माणसापुढे मी मनातून हात जोडले, त्याने फुटबॉलला कधी पाय लावला नाही.

त्याचं नाव बाळासो कुरणे.

झालं असं की १९९१ साली आमचे अध्यक्ष पुण्याला मेहुण्याकडे गेले होते. तिथल्या सोसायटीत त्यांनी पोरंपोरी बास्केटबॉल खेळताना बघितली आणि परत येऊन तालमीच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवून टाकले. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. खांब आले, रिंगा आल्या, मग शिकवायला माणूस पाहिजे म्हणून पगारी प्रशिक्षक नेमायचं ठरलं. पेठेत पगारी प्रशिक्षक ही गोष्टच नवी. आमच्याकडे वस्ताद असतो, आणि त्याला दूध, तूप आणि मान मिळतो.

बास्केटबॉलचा मास्तर म्हटल्यावर कुणीतरी ताडमाड माणूस येईल म्हणून आम्ही दाराकडे बघत बसलो होतो. आला तो माझ्या खांद्याला लागेल एवढा. हातात रेक्झिनची पिशवी, पायात कोल्हापुरी.

"कुठलं पावणं?" मी विचारलं.

"बिद्रीजवळचा. वडील कारखान्यात होतं."

मग आडनाव विचारलं गेलं, आणि ते ऐकून आमच्यातले दोघंतिघं गप्प झाले. शिक्षण, कागदपत्रं सगळं असूनही आडनावावरून जात कळली की अशी शांतता का पडते हे त्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असणार. गप्प झालेल्यांत मी एक होतो. खोटं कशाला लिहू? सर मात्र शांतपणे खिडकीतून त्या दोन खांबांकडे बघत होते. मग म्हणाले, "रिंग दोन बोटं खाली हाय."

मोजून बघितली. होती.

मी म्हटलं, "पोरं मिळायची न्हाईत हां. पेठेतलं पोरगं चालाय लागलं की बॉलला लाथ मारतंय."

"मग पोरी द्या."

आम्ही खोखो हसलो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी घरोघर फिरायला लागले. चहा घ्यायचे, पोरीच्या आजीशी बोलायचे, तिच्या गुडघेदुखीवर दोन व्यायाम सांगायचे आणि उठताना म्हणायचे, "नातीला सकाळी साडेपाचला पाठवा. साताला परत आणून सोडतो." महिन्याभरात अकरा पोरी झाल्या. त्यातली सगळ्यात लहान संयोगिता, म्हणजे आमच्या तालमीचे वस्ताद कृष्णात यांची नात. डावखुरी आणि नाकावर राग. त्या बाबतीत ती माझ्यावर गेली होती, नातं नसूनही.

आता आमच्या हातून झालेला प्रताप सांगतो. मागची जागा मुरमाची होती. पोरी पडल्या की गुडघे सोलायचे. पुढच्या वर्षी जिल्हा स्पर्धा दहा दिवसांवर आली तेव्हा सर मला म्हणाले, "मी तीन दिवस गावाकडं जाऊन येतो. तेवढ्यात तेवढं मैदान नीट करून घ्या. पोरींना लागतंय."

तालमीच्या माणसाला मैदान नीट करा म्हटलं तर तो काय करणार? मी कृष्णात वस्तादांना सांगितलं. वस्तादांचं वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं, पण नातीच्या खेळासाठी म्हटल्यावर धोतर खोचून उभे राहिले. पन्नास पैलवान लावले. वीतभर खोल खणून मुरूम काढला. दोन ट्रॉल्या तांबडी माती आणली, चाळली, त्यात हळद, तेल, लिंबू, कापूर घातला. पेठेतल्या घराघरांतून ताकाच्या कळशा आल्या. तिसऱ्या रात्रीपर्यंत माती मळली. कुस्तीचा हौद करतात तशी लोण्यासारखी माती झाली. अख्ख्या जिल्ह्यात असं बास्केटबॉलचं मैदान नसेल, असं मी छातीवर हात मारून सांगत होतो, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

चौथ्या दिवशी पहाटे सर आले. आम्ही सगळे ओळीने उभे. सरांनी कडेला चपला काढल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला, पिशवीतून बॉल काढला आणि खाली टाकला.

बॉल ताटातल्या लाडवासारखा जागच्या जागी बसला.

मग वस्ताद म्हणाले, "हवा गेली आसंल."

पंप आणला. हवा भरली. परत टाकला. परत बसला. दुसरा बॉल आणला. तोही बसला. तेव्हा कुठे आमच्या पन्नास डोक्यांत एकदम प्रकाश पडला. वस्तादांचा चेहरा मला बघवेना. एवढा मोठा पैलवान माणूस, पण चोरी करताना सापडल्यासारखा मान घालून उभा. आणि मी काय केलं? चूक आपली असली की माझा आवाज चढतो. सरांवरच ओरडलो, "आधी सांगायचं न्हवतं व्हय टप्पा पडाय लागतोय म्हणून!"

दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून निघून गेला असता. सर खाली बसले, मूठभर माती उचलून चोळली, वास घेतला. म्हणाले, "वस्ताद, माती एक नंबर झाली हाय." मग पोरींकडे वळले. "आजपासनं टप्पा बंद. बॉल हातातनं हातात. जमिनीला लागला तर बाद."

पोरी कडेलाच थबकल्या. तालमीच्या मातीत बाईमाणसाने उतरायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज, आणि ती माती त्याच हाताने, त्याच पद्धतीने मळलेली. सगळे वस्तादांकडे बघायला लागले. वस्ताद नातीवर खेकसले, "बघती काय? उतर की. तीन दिस हात मोडून घेतल्यात ते कुणासाठी?"

संयोगिता उतरली. तिच्यामागून बाकीच्या दहा.

पुढचे सहा दिवस मी रोज पहाटे बघायला जायचो, म्हणजे खरं तर हसायला जायचो. मऊ मातीत पळताना पोरींच्या पोटऱ्या भरून यायच्या. टप्पा मारत पळायची सोय नाही, त्यामुळे बॉल हातात आला की दुसऱ्याला द्यायचाच. आणि द्यायचा तर ती कुठे जाणार हे आधी कळायला पाहिजे. सर एकच वाक्य परत परत सांगायचे, "बॉल कुठं हाय ते सगळ्यांस्नी दिसतंय. मोकळी जागा कुठं हाय ते बघ." चौथ्या दिवशी माझं हसू थांबलं. अकरा पोरी एकमेकींकडे न बघता एकमेकींना बॉल देत होत्या, आणि बॉल सापडत होता.

स्पर्धा सिमेंटच्या कोर्टवर होती. मातीतून सिमेंटवर आल्यावर त्या पोरी अशा पळाल्या की समोरच्या संघाला काय चाललंय ते कळेना. टप्पा मारणारीच्या मागे जायचं हे त्यांना शिकवलेलं, आणि इथे कुणी टप्पा मारतच नाही. पंच नियमाचं पुस्तक बघून आला. टप्पा मारलाच पाहिजे असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आम्ही उपांत्य सामन्यात हरलो, पण प्रेक्षक उठून उभे राहिले होते, आणि त्यांच्यात पेठेतला अर्धा फुटबॉल होता.

परत आल्यावर सरांनी अर्ध्या जागेवर सिमेंट घालून घेतलं आणि अर्धी माती तशीच ठेवली. आमच्या चुकीला त्यांनी अभ्यासक्रमात बसवलं. नवी पोरगी आली की पहिले सहा महिने मातीत. मग सिमेंटवर. पंचाण्णव सालापासून सलग नऊ वर्षं जिल्ह्याचा चषक आमच्या तालमीत होता. कुस्तीच्या गदांशेजारी पोरींचे चषक लावायला कपाट पुरेना, तेव्हा वस्तादांनी आपले स्वतःचे दोन चषक घरी नेले.

मी या माणसाला सोळा वर्षं जवळून बघितलं. आवाज चढलेला एकदाही ऐकला नाही. सामन्यात हात मागे बांधून उभे राहायचे. शिट्टी खिशात, ती फक्त रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी. एका साली सांगलीला सामना होता आणि समोरच्या संघाची गाडी वाटेत बंद पडली. संयोजक म्हणाले, तुम्हाला पुढे चाल. म्हणजे न खेळता विजयी. मी तर खुशीत बॅगा भरायला सांगितल्या. सर संयोजकांना म्हणाले, "येतील की. थांबतो आम्ही." तीन तास थांबले. त्या पोरी दमून भागून आल्या, तेव्हा त्यांना आधी केळी खायला लावली आणि मग सामना खेळून आम्ही हरलो. येताना गाडीत मी सरांशी एक शब्द बोललो नाही. घर येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं.

त्यांच्या हाताखालच्या पोरी मोठ्या झाल्या. कुणी पोलिसात गेली, कुणी बँकेत, कुणी शाळेत खेळाची शिक्षिका झाली. संयोगिता राज्याकडून खेळली आणि मग राजारामपुरीतल्या एका क्लबची प्रशिक्षक झाली. तिथे चकचकीत कोर्ट, वर पत्रे, पावसाळ्यातही सराव. आणि मग व्हायचं तेच झालं. २००४ साली तिच्या संघाने आम्हाला अंतिम सामन्यात हरवलं. पुढच्या वर्षी परत. त्याच्या पुढच्या वर्षी परत.

तालमीत आता नवी कार्यकारिणी होती. कुरकुर सुरू झाली. सर जुने झाले, नवीन माणूस आणा, डिप्लोमावाला आणा. २००७ च्या बैठकीत ती बडबड ऐकून ऐकून माझं टाळकं फिरलं आणि मीच टेबलावर हात आपटून बोलून गेलो, "यंदा फायनल जिंकली तर सर ऱ्हातील. न्हाय जिंकली तर जाहिरात काढा, बास!" मला वाटलं होतं असं म्हटल्यावर सगळे गप्प होतील. ते गप्प झाले नाहीत, त्यांनी ठराव केला. खाली सही माझी.

ही बातमी सामन्याआधी संयोगिताच्या कानावर गेली. अंतिम सामन्याच्या दिवशी संघ उतरायच्या आधी मी बघितलं, तिच्या पहिल्या पाचांत तिची सगळ्यात तेज पोरगी नव्हती. बाकावर बसवलेली. माझ्या जिवात जीव आला. देवा, या पोरीला सुबुद्धी दिलीस, म्हटलं.

सरांनीही बघितलं. ते कोर्ट ओलांडून सरळ तिच्याकडे गेले. मी मागोमाग.

"ती का बसलीया?"

"पाय दुखतोय तिचा, सर."

"कुठला?"

संयोगिताचे डोळे भरले. म्हणाली, "तुमचं काम जातंय, सर. मला समजलंय सगळं. मी कशी जिंकू?"

"मी शिकवलं तशी," सर म्हणाले. "तिला उतरीव. न्हायतर माझं नाव सांगू नगंस कुठं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या आवाजात धार ऐकली. ती पोरगी उतरली. आम्ही एका गुणाने हरलो. मी मैदानावरच खाली बसलो. एका सहीत आणि एका गुणात सोळा वर्षं गेली.

जाहिरात निघाली. अर्ज आणि कागदपत्रांसह समक्ष मुलाखतीला यावे, रविवारी सकाळी दहा. मी, अध्यक्ष आणि बाहेरून बोलावलेले एक क्रीडाशिक्षक, असे तिघं टेबलाशी बसलो. बाहेर बाकावर पाच उमेदवार. मी दारातून डोकावलो आणि माझी मलाच लाज वाटली. पाचही कुरणे सरांच्या पोरी. अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्या हाताखालून न गेलेला प्रशिक्षक आम्हाला मिळाला नव्हता. पहिली संयोगिताच.

"तू बी?" मी चिडून विचारलं.

"सरांनीच सांगितलं," ती म्हणाली. "अर्ज करा म्हणाले, तिथं आपलं माणूस पायजे."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. पाचही पोरी झटक्यात उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं निरोप घ्यायला आले असतील. मलाही तेच वाटलं. सरांनी माझ्यापुढे अर्ज धरला. प्रशिक्षक पदासाठी, अर्जदार बाळासो कुरणे.

"शेवटचा नंबर माझा," म्हणाले, आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसले.

पोरींनी एकमेकींकडे बघितलं. संयोगिता आत आली आणि टेबलावरचा आपला अर्ज उचलून तिने त्याची घडी घातली. तिच्यामागे दुसरी आली, तिसरी आली. पाचही अर्ज गेले की उरणारं नाव एकच होतं, आणि माझ्या सहीचं पाप परस्पर धुतलं जाणार होतं.

"ठेवा ते खाली," दारातून सर म्हणाले. "पुढं चाल घेऊन मी आजवर एक मॅच जिंकलो न्हाय. मुलाखत द्या. नीट द्या. मला हरवाय आलाय असं समजून द्या."

आणि त्यांनी दिल्या. बाहेर सर बसलेले, दार उघडं, एकेक पोरगी आत येऊन सांगत होती की ती त्यांच्यापेक्षा काय चांगलं करील. संयोगिता वीस मिनिटं बोलली. पावसाळ्यातला सराव, पोरींचं खाणं, दुखापती, बाहेरचे सामने. माझ्यासारख्या फुटबॉलवाल्यालाही कळलं की ही पोरगी दहा वर्षं पुढचं बघते आहे. तिचा आवाज दोनदा कापला, पण ती थांबली नाही.

शेवटी सर आत आले, खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर. अध्यक्ष चहा मागवायला लागले. क्रीडाशिक्षक कागद चाळत होते. मग मीच विचारलं, "सर, या पाच जणींत आणि तुमच्यात, तुम्ही आमच्या जागी असता तर कुणाला घेतलं असतं?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "संयोगिताला. ती माझ्यापेक्षा बरी हाय. चार वर्षं हरतोय न्हवं तिच्याकडनं?"

"मग अर्ज कशाला केलासा?"

ते माझ्याकडे बघून हसले. सोळा वर्षांत असं हसताना मी त्यांना मोजून दोनदा बघितलं असेल. "समोरचा बरा हाय म्हणून कोण खेळायचं सोडतंय व्हय, जोतीरामदादा?"

मी संयोगिताचं नाव लिहिलं. माझ्या हाताने. दुसरं काही लिहिलं असतं तर या माणसाने मला परत ओळख दिली नसती. त्या दुपारी मी जेवलो नाही, आणि बायकोने विचारलं तर तिच्यावरच ओरडलो.

सर निवृत्त होऊन गावी जातील असं सगळ्यांना वाटलं. पण संयोगिता आमच्याकडे आल्यावर राजारामपुरीची जागा रिकामी झाली होती. सोमवारी सकाळी तीच प्लॅस्टिकची पिशवी घेऊन सर तिथल्या ऑफिसबाहेर बसलेले होते.

२००८ ची अंतिम लढत आमची आणि राजारामपुरीची. एका बाजूला संयोगिता, एका बाजूला हात मागे बांधून सर. सत्तावन्न वर्षांचा माणूस, एका वर्षापूर्वी हाती घेतलेला संघ. पहिल्या दहा मिनिटांतच मला कळलं की आमचं काही खरं नाही. संयोगिता काय करणार हे त्यांना ती करायच्या आधी कळत होतं. तिने बदल केला की यांचा बदल तयार. ती पण हटली नाही, अशी लढली की मी खुर्चीवर उभा राहिलो. नऊ गुणांनी त्यांनी आम्हाला हरवलं.

शेवटची शिट्टी झाल्यावर ती धावत जाऊन त्यांच्या पाया पडली. ते तिला उठवून काहीतरी सांगायला लागले, बोटाने कोर्टाचा एक कोपरा दाखवत, तिचं कुठे चुकलं ते. ती डोळे पुसत मान हलवत होती आणि मधेच वादही घालत होती. त्यांचे विजयी खेळाडू फोटोसाठी खोळंबले होते.

अध्यक्षांनी माझा सदरा ओढला. "अहो सेक्रेटरी, काय करताय? चषक हुकला आपला. आपण हरलोय."

"दिसतंय की मला," मी म्हटलं, आणि दोन्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत राहिलो.